पद्मपाणी : पुनःपुन्हा गवसलेले चित्र



अजिंठ्याच्या पहिल्या क्रमांकाच्या लेण्यात बाहेरच्या लख्ख उन्हातून पाऊल टाकणाऱ्या माणसाला प्रारंभी काहीच दिसत नाही. डोळे अंधाराला सरावावे लागतात. प्रथम खांब दिसू लागतात, मग छतावरची वेलबुट्टी, आणि गर्भगृहाच्या दिशेने चार पावले पुढे गेल्यावर डाव्या हाताच्या भिंतीतून एक मुखमंडल हळूहळू वर येते. किंचित कललेली मान, अर्धोन्मीलित नेत्र, मस्तकी रत्नजडित मुकुट, गळ्यात मोत्यांची माळ आणि उजव्या हाताच्या बोटांत हळुवार धरलेले नीलकमल. हाच बोधिसत्त्व पद्मपाणी. पाठ्यपुस्तकांतून, दिनदर्शिकांवरून, पर्यटनाच्या भित्तिपत्रकांतून हे चित्र महाराष्ट्रातील घराघरांत पोहोचले आहे. परंतु कागदावर शेकडो वेळा पाहिलेले हे चित्र त्या अंधारात समोर आले की ते प्रथमच पाहत असल्याचा भास बहुतेकांना होतो.

या चित्राचे भाग्यच विलक्षण आहे. ते एकदा गवसले आणि प्रश्न मिटला, असे झाले नाही. ते पुनःपुन्हा गवसले. प्रत्येक पिढीतील कोणी तरी त्याच्यासमोर येऊन उभे राहिले, त्याने झपाटून गेले आणि त्याची प्रतिकृती करण्यासाठी आयुष्यातील उमेदीची वर्षे त्या दरीत घालवून बसले. आणि त्यांतील बहुतेकांच्या श्रमांचे काय झाले, ही कथा मन हेलावून सोडणारी आहे.

चित्राच्या पुनर्शोधाची तारीख इतिहासात नोंदलेली आहे : २८ एप्रिल १८१९. मद्रास सैन्यातील जॉन स्मिथ नावाचा घोडदळाचा अधिकारी वाघाच्या शिकारीसाठी वाघूर नदीच्या खोऱ्यात आला असता समोरच्या कड्यात, झाडोऱ्याआड, त्याला एका लेण्याची कमान दिसली. ते दहाव्या क्रमांकाचे चैत्यगृह होते. या घटनेला ‘अजिंठ्याचा शोध’ म्हणण्याची प्रथा पडली आहे. ती पुष्कळशी चुकीची आहे. लेण्यांच्या जवळच्या गावाचे नावच मुळी लेणापूर. ज्या गावाने आपल्या नावातच लेणे जपले, त्या गावाला लेणे ठाऊक नव्हते, असे कसे म्हणावे? सातव्या शतकात भारतात आलेल्या ह्यूएनत्संग या चिनी यात्रेकरूने महाराष्ट्रातील एका डोंगरी विहाराचे वर्णन केले असून त्याच्या प्रवेशमार्गावर दगडी हत्ती असल्याचे तो सांगतो. सोळाव्या लेण्याच्या पायथ्याशी असे हत्ती आजही उभे आहेत. तेव्हा स्मिथने शोधले ते एवढेच, की जे स्थानिकांना ठाऊक होते ते आता राज्यकर्त्यांनाही ठाऊक झाले. तथापि न्याय्य बोलायचे तर हेही सांगितले पाहिजे, की ठाऊक असणे आणि मोल जाणणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. मधल्या हजार-बाराशे वर्षांत त्या चित्रांसमोर वटवाघळे लोंबकळत होती, पावसाळी पाणी झिरपत होते आणि आसऱ्याला आलेल्यांच्या चुलींचा धूर भिंतींवर बसत होता.

ही चित्रे कशी काढली, हे समजून घेतल्याशिवाय त्यांच्या नाजूकपणाची कल्पना येत नाही. कातळ छिन्नीने मुद्दाम खडबडीत ठेवायचा. त्यावर मातीचा गिलावा. या मातीत दगडाची बारीक कच, भाताचा तूस आणि वनस्पतींचे तंतू मळलेले असत. तो घोटून गुळगुळीत केला की वर चुन्याचा पातळ हात. हे सारे वाळल्यावर मग रेषा आणि रंग. युरोपातील ‘फ्रेस्को’ पद्धतीत ओल्या चुन्यावर रंग देतात आणि तो भिंतीत मुरतो. अजिंठ्यात कोरड्या पृष्ठभागावर डिंक वा सरस यांसारख्या बंधकात कालवलेला रंग दिलेला आहे. म्हणजे तो भिंतीच्या आत गेलेला नाही, वर बसलेला आहे. तांबडी काव, पिवळी काव, हिरवी माती, काजळी, चुना असे बहुतेक रंग आसपासच्या भूमीतलेच. केवळ निळा दूरचा. तो अफगाणिस्तानातील बदख्शानच्या खाणींतून येणाऱ्या लाजवर्द या मौल्यवान दगडाचा. वाकाटक नृपती हरिषेणाच्या काळात, पाचव्या शतकात, सह्याद्रीच्या एका आडदरीतील चित्रकाराच्या हाती हिंदुकुशापलीकडचा रंग होता, ही गोष्ट त्या काळातील समाजाविषयी पुष्कळ काही सांगून जाते. याच हरिषेणाचा सचिव वराहदेव याने सोळावे लेणे कोरविले, असे तेथील शिलालेखात स्पष्ट नोंदले आहे. मात्र पद्मपाणीच्या चित्रकाराचे नाव कोठेही नाही.

बाहेरच्या जगाला लेणी कळली आणि पहिले संकट आले ते कौतुकातूनच. आलेला प्रत्येक जण आठवण म्हणून काही तरी नेऊ पाहत होता. मुंबईतील एका विद्वान डॉक्टरांनी संग्रहालयासाठी म्हणून काही आकृती भिंतीवरून खरवडून काढल्या. गिलावा मातीचा, हातात धूळ उरली. तुकडे परदेशी गेले, त्यांतील एक आज बोस्टनच्या संग्रहालयात आहे. अशा वेळी चित्रांच्या प्रती करून ठेवाव्यात, हा विचार पुढे आला आणि १८४४ साली मद्रास सैन्यातील रॉबर्ट गिल या अधिकाऱ्याची त्या कामी नेमणूक झाली.

गिल जवळजवळ वीस वर्षे या कामात होता. दिवसा मशालींच्या उजेडात भिंतींचे मोजमाप घ्यायचे, कापडावर मूळ आकाराएवढी प्रत उतरवायची. ताप, मधमाश्या, हिंस्र श्वापदे यांची सोबत नित्याचीच. त्याची आणि पारो या स्थानिक तरुणीची कथा मराठी वाचकांना कवी ना. धों. महानोर यांच्या ‘अजिंठा’ या दीर्घकाव्यामुळे परिचित आहे. पारोची समाधी अजिंठा गावात आहे, गिलची कबर भुसावळला. दीड-दोन तपे खपून केलेली त्याची चित्रे लंडनला गेली आणि तेथील सिडनहॅमच्या ‘क्रिस्टल पॅलेस’मध्ये मांडली गेली. डिसेंबर १८६६ मध्ये त्या प्रासादाला आग लागली. प्रदर्शनाबाहेर राहिलेल्या चार-दोन प्रती तेवढ्या वाचल्या, बाकी सर्व भस्मसात झाल्या. गिल त्या वेळी हयात होता. पुढे तो १८७९ मध्ये वारला.

प्रती जळाल्या म्हणून नव्या करणे आले. मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांनी सरकारकडे पाठपुरावा केला आणि १८७२ पासून १८८५ पर्यंत, बहुधा हिवाळ्यात, ते आपल्या भारतीय विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्यास येत राहिले. पेस्तनजी बोमनजी यांच्यासारखे पुढे नावारूपाला आलेले चित्रकार या पथकात घडले. पाश्चात्त्य पद्धतीने चित्रकला शिकण्यासाठी निघालेल्या शाळेतील हे तरुण वाघूरच्या काठी बसून आपल्याच पूर्वजांची रेषा गिरवीत होते. सुमारे तीनशे प्रती तयार झाल्या. त्या लंडनच्या साउथ केन्सिंग्टन येथील संग्रहालयात पाठविण्यात आल्या. आणि जून १८८५ मध्ये तेथेही आग लागली! कित्येक प्रती नष्ट झाल्या. उरलेल्यांच्या आधारे ग्रिफिथ्स यांनी १८९६-९७ मध्ये दोन भव्य खंड प्रसिद्ध केले. आज भिंतीवरून नाहीसे झालेले कितीतरी तपशील त्या खंडांतच पाहावे लागतात.

परंतु या उपकाराची दुसरी बाजूही आहे. धुरकटलेली चित्रे स्पष्ट दिसावीत म्हणून त्या काळी भिंतींवर व्हार्निश फिरविले गेले. ओले असताना रंग झळाळले. वर्षे उलटली तसा तो थर पिवळा पडला, मग तपकिरी झाला, धूळ आणि वटवाघळांची घाण त्यात चिकटून बसली, आणि आक्रसताना तो आपल्याबरोबर खालच्या रंगाचे पापुद्रे उचलू लागला. हेतू चांगला होता, यात शंका नाही. हानी व्हायची ती झालीच.

येथवरची कथा परक्या अधिकाऱ्यांची, त्यांच्या पुढाकाराची. ती पालटते १९०९ मध्ये. लेडी ख्रिस्तियाना हेरिंगहॅम या इंग्रज चित्रकर्तीने नव्याने प्रती करण्याचा संकल्प केला. इटलीच्या चेन्निनो या जुन्या चित्रकाराच्या रंगतंत्रावरील ग्रंथाचा त्यांनी पूर्वीच इंग्रजीत अनुवाद केलेला असल्यामुळे कोरड्या भिंतीवरील रंगकाम त्यांना आतून समजत होते. त्यांच्या मदतीला कलकत्त्याहून अवनींद्रनाथ ठाकुरांचे शिष्य आले : नंदलाल बसू, असितकुमार हालदार, समरेंद्रनाथ गुप्त, के. वेंकटप्पा. हैदराबादहून सय्यद अहमद आणि महंमद फझलुद्दीन आले. नंदलालांनी जावे असा आग्रह होता भगिनी निवेदितांचा. भारतीय कलेला आपला हरवलेला हात पुन्हा सापडायचा तर तो अजिंठ्याच्या भिंतीवर सापडेल, अशी त्यांची धारणा होती. आणि केवळ पाठवून त्या थांबल्या नाहीत, जगदीशचंद्र बसूंसह त्या स्वतः अजिंठ्याला येऊन गेल्या.

फर्दापूरच्या बाजूला राहुट्या पडल्या. पहाटे उठून पायी लेणी गाठायची, अंधारात डोळे ताणून दिवसभर रेषा उतरवायची, सायंकाळी परतायचे. नंदलाल तेव्हा सव्वीस-सत्तावीस वर्षांचे होते. पद्मपाणीची भुवई पाहावी. ती एका झेपेत ओढलेली आहे. कोठे थांबलेली नाही, सुधारलेली नाही. खांद्यापासून मनगटापर्यंत उतरणारी रेषा अशीच. छायाप्रकाशाची पराकाष्ठा न करता केवळ रेषेच्या जाडी-बारीकपणातून देहाची गोलाई उभी राहते. भोवताली माकडे आहेत, मोर आहेत, प्रणयी युगुले आहेत, शेजारी सावळी राजकन्या उभी आहे, सगळीकडे जीवनाची गजबज आहे आणि मध्यभागी हा एकटा खाली पाहतो आहे. अशा रेषेची नक्कल करता येत नाही. ती हाताने पुन्हा जगावी लागते. एक हिवाळा त्या भिंतीसमोर काढून आलेल्या नंदलालांच्या हातातून ती रेषा पुढे आयुष्यभर गेली नाही. १९३८ च्या हरिपुरा काँग्रेससाठी त्यांनी रंगविलेली ग्रामजीवनाची चित्रे पाहिली, तरी हे ध्यानात येते. स्वतंत्र भारताच्या संविधानाची मूळ हस्तलिखित प्रत सजविण्याचे काम ज्यांच्याकडे आले ते हेच नंदलाल. असितकुमार हालदारांनी परतल्यावर बंगालीत ‘अजंता’ हे पुस्तक लिहिले. हेरिंगहॅमबाईंचा ग्रंथ १९१५ मध्ये निघाला; मात्र त्या स्वतः तोवर तीव्र मनोविकाराने ग्रासल्या होत्या आणि १९२९ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्यातून बाहेर आल्या नाहीत.

आता या कथेतील सर्वांत कमी सांगितला जाणारा, आणि खरे तर सर्वांत हृद्य, असा भाग. १९१६ साली रवींद्रनाथ ठाकुर जपानमध्ये होते. योकोहामा येथील एका रसिक उद्योजकाच्या संग्रहात त्यांनी शिमोमुरा कान्झान यांचे एक चित्र पाहिले. मावळत्या सूर्याला हात जोडून उभा असलेला अंध भिक्षेकरी आणि त्याच्यावर झुकलेला आलुबुखाराचा बहर. त्या चित्राने रवींद्रनाथ इतके भारावले, की त्याची प्रत आपल्याला हवीच असा त्यांनी हट्ट धरला. प्रत करण्याचे काम ज्यांच्याकडे आले ते चित्रकार म्हणजे अराई काम्पो. रवींद्रनाथांनी प्रत तर घेतलीच, काम्पोंनाही भारतात बोलावून घेतले. जोडासांकोच्या वाड्यात ते जपानी कुंचल्याचे शिक्षण देऊ लागले. नंदलालांशी त्यांचा स्नेह जुळला. आणि मग, भारतात येणाऱ्या प्रत्येक चित्रकाराप्रमाणे, तेही अजिंठ्याला गेले. १९१७-१८ च्या सुमारास त्यांनी तेथील भित्तिचित्रांच्या प्रती केल्या आणि त्या आपल्या मायदेशी नेल्या.

त्या तोक्योच्या शाही विद्यापीठात ठेवण्यात आल्या. १ सप्टेंबर १९२३ रोजी झालेल्या महाभयंकर भूकंपानंतर शहरभर वणवे पेटले. त्यात विद्यापीठाचे ग्रंथालय जळाले आणि अजिंठ्याच्या प्रतीही जळाल्या. सिडनहॅम, साउथ केन्सिंग्टन, तोक्यो. तीन वेळा अग्नी.

जपानमध्ये नारा या प्राचीन राजधानीनजीक होऱ्यूजी नावाचे बौद्ध मंदिर आहे. जगातील सर्वांत जुन्या लाकडी वास्तूंत त्याची गणना होते. त्याच्या मुख्य सभागृहाच्या भिंतींवर इसवी सनाच्या सातव्या शतकाच्या अखेरीची वा आठव्याच्या प्रारंभीची चित्रे होती. त्यांतील बोधिसत्त्वाची कललेली मान, खाली वळलेली दृष्टी, अनावृत खांद्यावरून उतरणारी माळ पाहून अभ्यासकांना वारंवार अजिंठ्याच्या पद्मपाणीची आठवण झाली आहे. वाघूरच्या दरीतून निघालेली ती मुद्रा मध्य आशियाच्या वाळवंटातील गुहांवरून, चीनमधून, समुद्र ओलांडून तेथवर पोहोचली होती. ना सैन्य, ना सत्ता. केवळ भिक्षू, पोथ्या आणि चित्रकार यांच्या पावलांनी झालेला हा प्रवास.

१९४० मध्ये जपान सरकारने या भिंतींच्या प्रतिकृती करण्याचे काम हाती घेतले. जे प्रमुख चित्रकार निवडले त्यांत अराई काम्पो होते. वय बासष्ट. वीस-बावीस वर्षांपूर्वी अजिंठ्यात ज्या चेहऱ्यासमोर ते बसले होते आणि ज्याची प्रत अग्नीने नेली होती, त्याच चेहऱ्याचा दूरचा आप्त आता त्यांच्याच देशात त्यांच्यासमोर उभा होता. पुन्हा तीच रेषा, पुन्हा तोच कुंचला. महायुद्धाच्या काळातही हे काम चालू राहिले. ते पूर्ण होण्यापूर्वीच, १९४५ मध्ये, काम्पो निवर्तले.

२६ जानेवारी १९४९ च्या पहाटे होऱ्यूजीच्या सभागृहात आग लागली. प्रतिकृतीचे काम करणारे कलावंत थंडीच्या निवारणासाठी विजेवर तापणाऱ्या गाद्या वापरीत. त्यातूनच ठिणगी पडली असावी, असे मानले जाते. या वेळी जळाली ती मूळ चित्रे. बाराशे वर्षांचे रंग काही तासांत करपले. दुरुस्तीसाठी आधीच उतरवून ठेवलेल्या, आकाशगामी अप्सरांच्या लहान भिंती तेवढ्या वाचल्या. या वेळी मागे उरल्या त्या प्रती! अजिंठ्यात मूळ राहिले आणि प्रती गेल्या. होऱ्यूजीत नेमके उलट घडले. काम्पो आणि त्यांचे सहकारी यांच्या त्या अपुऱ्या प्रती आणि जुनी छायाचित्रे यांच्या आधारे १९६७-६८ मध्ये जपानी चित्रकारांनी ती सारी चित्रे नव्याने उभी केली. करपलेल्या मूळ भिंतीही त्यांनी फेकल्या नाहीत. त्या एका स्वतंत्र इमारतीत जतन करून ठेवल्या आहेत. आगीनंतर दुसऱ्याच वर्षी, १९५० मध्ये, सांस्कृतिक वारशाच्या रक्षणाचा व्यापक कायदा तेथे झाला आणि २६ जानेवारी हा दिवस त्या देशात वारसास्थळांच्या अग्निसुरक्षेचा दिवस म्हणून पाळला जातो. मंदिरामंदिरांतून पाण्याचे फवारे सोडून सराव केला जातो. पराभूत, उद्ध्वस्त, अन्नालाही मोताद झालेल्या राष्ट्राने त्या अवस्थेत हे केले, याची नोंद येथे मुद्दाम घेतली पाहिजे.

अजिंठ्याकडे परत येऊ. तत्कालीन हैदराबाद संस्थानाच्या पुरातत्त्व खात्याने गुलाम याझदानी यांच्या देखरेखीखाली या लेण्यांची व्यवस्था लावली. १९२० ते १९२२ या काळात इटलीहून चेक्कोनी आणि ओर्सिनी या तज्ज्ञांना पाचारण करून सुटत चाललेला गिलावा भिंतीला पुन्हा चिकटविण्यात आला. तो चिकटविला नसता तर आज पाहण्यासारखे कितपत उरले असते, कोण जाणे. त्याच दुरुस्त्यांमध्ये वापरलेली लाख मात्र पुढे व्हार्निशप्रमाणेच काळवंडली. ती उतरविण्याचे काम भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाच्या रसायनतज्ज्ञांकडे आले. कापसाच्या बोळ्याने, द्रावणाच्या थेंबाथेंबाने, एका वेळी बोटभर जागा. स्वच्छ झालेल्या चौकोनातून एखादा डोळा, एखादे कर्णभूषण, एखाद्या वस्त्रावरची नक्षी बाहेर येते. नवव्या आणि दहाव्या लेण्यांतील, पद्मपाणीहूनही कित्येक शतके जुनी असलेली चित्रे अशाच रीतीने काळ्या थराखालून अलीकडच्या काळात पुन्हा दिसू लागली. १९८३ मध्ये अजिंठा जागतिक वारसा यादीत गेला, त्याचा गाजावाजा पुष्कळ झाला. या बोटभर जागेत झालेल्या कामाचा फारसा झाला नाही.

आजचे संकट पुन्हा कौतुकाचेच आहे. प्रत्येक श्वासाबरोबर पाहणाऱ्याच्या शरीरातील ओलावा आणि कर्बवायू त्या बंदिस्त गुहेत मिसळतो. मातीचा गिलावा तो शोषतो, फुगतो, वाळतो, आक्रसतो. त्यातील तूस आणि तंतू हे तर किडीचे खाद्यच. म्हणून मोटारी चार किलोमीटर अलीकडेच थांबवितात, चित्रांच्या लेण्यांत ठराविक संख्येनेच माणसे सोडतात, पादत्राणे बाहेर काढायला लावतात, प्रखर झोताला मज्जाव करतात. दूरवरून मुलाबाळांसह आलेल्या कुटुंबाला हे जाचक वाटते, पहारेकऱ्याशी हुज्जतही होते. दहा-पंधरा मिनिटांत बाहेर पडावे लागते आणि तेवढ्यात पद्मपाणीच्या चेहऱ्याशी डोळे जेमतेम जुळलेले असतात.

तेथून पायऱ्या आणि वळणे ओलांडत दहाव्या लेण्यात जावे. उजव्या बाजूच्या एका खांबावर, रंगविलेल्या मूर्तीच्या अंगावरच, जॉन स्मिथ याने कोरलेले स्वतःचे नाव आणि तारीख आजही पुसटशी वाचता येते. ती अक्षरे उभ्या माणसाच्या डोक्याहून बरीच उंच आहेत. तो उंच होता म्हणून नव्हे. १८१९ साली त्या लेण्यात शतकानुशतकांचा दगडमातीचा ढिगारा साचलेला होता, आणि तो त्या ढिगाऱ्यावर उभा होता.